आधी भाताच्या पोत्यांजवळ बसून गाऊन पाहा

पत्राचा सारांश: कुडाळ तालुक्यातील एका गावातून हे पत्र आले आहे. पत्रलेखक २७ वर्षांचे असून बाजारपेठेतील एका दुकानात हिशेबाचे काम करतात. लहानपणापासून ते पेटी वाजवतात आणि भजनी मंडळात गातात. त्यांचे वडील गेली ४० वर्षे त्याच मंडळात पखवाज वाजवत आले आहेत. चतुर्थीपूर्वी चार अभंग आणि एक गजर घरीच ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे आणावा, अशी पत्रलेखकांची इच्छा असून त्यासाठी दोन वर्षांत त्यांनी ३० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. मुंबईतील मित्राने पाठवलेली सामानाची यादी मात्र ८५ हजारांवर जाते. उरलेले पैसे हप्त्याने उभे करावेत का, आणि घराच्या नव्या भागातील स्लॅबच्या १० बाय १० च्या खोलीला चारही बाजूंनी फोम लावून तिचा स्टुडिओ करावा का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेला साडेतीन हजारांचा कंडेन्सर माईक मिरग लागताच तडतडू लागला, त्यामुळे स्वस्त वस्तूंवरचा त्यांचा विश्वास उडाला आहे. वडिलांनी यादी पाहून एवढेच विचारले : "इतके पैशे घालून रेडिओ स्टेशन काढतलस काय?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रातला सर्वांत नेमका प्रश्न तुमच्या वडिलांनी विचारला आहे, असे मी म्हटले तर राग मानू नका. तुम्ही त्याला टोमणा समजून पत्राच्या शेवटी टाकला आहे. मी मात्र उत्तराची सुरुवात तिथूनच करणार आहे. रेडिओ स्टेशनला कोणाचाही आवाज, कोणत्याही वेळी, बाहेर काहीही चालले असले तरी मुद्रित करावा लागतो. आज नाटिका, उद्या शेतीविषयक मुलाखत, परवा सनई. तुम्हाला एक आवाज, एक पेटी आणि एक पखवाज मुद्रित करायचा आहे, आणि तोही तुम्ही ठरवलेल्या घरात, तुम्हाला सोयीच्या वेळी. मित्राची यादी वाईट नाही. ती मुंबईतल्या बंद फ्लॅटमध्ये बसून वेगवेगळ्या लोकांचे काम घेणाऱ्या माणसाची यादी आहे. दोन मोठे मॉनिटर स्पीकर, आठ माईक लॅपटॉपला जोडून देणारा डबा म्हणजे इंटरफेस, २२ हजारांचा माईक आणि फोमच्या ४८ लाद्या, यांपैकी प्रत्येक वस्तूमागे काही ना काही गरज आहे. फक्त ती तुमची नाही.

यादीच्या मुळाशी, आणि खरे सांगायचे तर तुमच्या पत्राच्याही मुळाशी, एक समजूत आहे: माईक जितका महाग, तितका आवाज चांगला. ही समजूत मी स्वतः पैसे मोजून खोडून काढली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या मावशीची लग्नातली गाणी टिपून ठेवावीत म्हणून मी ओळखीच्या एका ध्वनिमुद्रकाकडून भारी कंडेन्सर माईक भाड्याने आणला आणि तिला नव्या बांधलेल्या हॉलमध्ये, चकचकीत लाद्यांवर खुर्ची टाकून बसवले. ऐकताना वाटले, मावशी रिकाम्या टाकीत उतरून गाते आहे. माईकने आपले काम चोख केले होते. त्याने मावशीचा आवाज टिपला आणि चार भिंतींवरून, छतावरून, लाद्यांवरून परत आलेला तिचाच आवाजही तितक्याच इमानाने टिपला. त्याच सुट्टीत माझ्या भाचीने स्वयंपाकघरात ओले काजूगर सोलत बसलेल्या मावशीचे तेच गाणे साध्या फोनवर घेतले होते. आज घरात ऐकले जाते ते तेच. मागे सुरीची टकटक आहे, पण शब्द न् शब्द कळतो.

म्हणून तुमचा फोमचा प्रश्न आधी घेतो. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. खोलीतला घुमार कमी करणे ही एक गोष्ट आणि बाहेरचा आवाज आत येऊ न देणे ही दुसरी. फोम पहिले काम थोडेफार करतो. दुसरे जवळजवळ करतच नाही. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते: जाड भिंत, फटी नसलेला दरवाजा, घट्ट बसणारी खिडकी. दीड-दोन इंचांच्या फोममधून शेजारच्या पंपाचा आवाज सहज आत येईल. घुमार कमी करण्यातही पातळ फोमची धाव टाळ्या-झांजांच्या वरच्या आवाजापुरतीच असते. खालचा, खर्जाकडचा घुमार त्याला दाद देत नाही. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्याविषयी न बोललेलेच बरे.

आता तुमची १० बाय १० ची खोली पाहू. तिची उंचीही १० फूट आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने याहून गैरसोयीचे माप शोधून सापडणार नाही. दोन समांतर भिंतींमध्ये १० फूट म्हणजे सुमारे तीन मीटर अंतर असेल, तर साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ११२, १६८ असे स्वर त्या खोलीत विनाकारण फुगतात. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असली, की तिन्ही दिशांनी तेच स्वर फुगतात. तुमच्या पेटीचे मंद्र सप्तक आणि वडिलांच्या पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू नेमकी याच पट्ट्यात बोलते. एखादी 'धा' भरीव येईल, पुढची गडगडेल, आणि तुम्हाला वाटेल की माईक खराब आहे.

त्याउलट, तुमच्या जुन्या घराचे माजघर तुम्ही अडगळीचे म्हणून पत्रात एका ओळीत निकालात काढले आहे. जांभ्याच्या न गिलावलेल्या खडबडीत भिंती, वर लाकडी माळा, एका बाजूला भाताची पोती, दोरीवर टाकलेल्या गोधड्या, कोपऱ्यात काथ्याच्या गाद्यांची चळत. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जे विकत आणून लावावे लागते, त्यातले बरेचसे तिथे आधीच आहे. खडबडीत भिंत आवाज एकाच दिशेला परत न फेकता विखरून टाकते. पोती, गाद्या आणि गोधड्या तो शोषतात. या अडगळीसाठी तुम्ही एक पैसाही द्यायचा नाही.

माजघराची एक उणीव आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वर मंगलोरी कौले आहेत. पावसाची सर आली की माळा असूनही सगळे ऐकू येते. स्लॅबच्या खोलीत पाऊस कमी ऐकू येतो, अर्थात गच्चीवर पत्र्याची शेड घातलेली नसेल तर. म्हणजे निवड अशी आहे की घुमार सहन करायचा की पावसाची उघडीप गाठायची. मी उघडीप गाठेन. गोंगाट थांबण्याची वाट पाहता येते, पण आवाजात एकदा शिरलेला घुमार नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण निघत नाही.

प्रत्यक्ष करून पाहायचे असेल, तर आज रात्रीच पाहा. दोन्ही खोल्यांत आळीपाळीने उभे राहून एक कोरडी टाळी वाजवा. स्लॅबच्या खोलीत टाळीमागे पत्रा थरथरल्यासारखी एक बारीक शेपटी ऐकू येईल. माजघरात टाळी तिथल्या तिथे विरेल. मग पंखा, फ्रिज आणि इन्व्हर्टर चालू असताना फोनवर एक मिनिटाची शांतता मुद्रित करा आणि इअरफोन लावून ऐका. रातकिडे, पाल, बेडूक, इन्व्हर्टरची गुणगुण, वाऱ्यावर येत असेल तर समुद्राची गाज, हे सगळे त्या 'शांततेत' सापडेल. त्यातले काय बंद करता येते आणि काय येत नाही, याची नोंद करा. पंखा आणि फ्रिज बंद होतील. बेडूक होणार नाहीत, पण पहाटे साडेचार-पाचला ते पुष्कळ शांत असतात आणि भजनी माणसाचा गळाही काकड्याच्या वेळी उघडलेला असतो. गाजेबद्दल मात्र मी हट्ट धरणार नाही. दूरची, एकसारखी गाज अभंगाखाली असली तर ऐकणाऱ्याला ती खुपत नाही. दर अर्ध्या मिनिटाने चालू-बंद होणारा फ्रिज खुपतो.

चतुर्थीच्या मुदतीविषयी मला शंका आहे. श्रावण तोंडावर आला आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवेतली आर्द्रता उपकरणांना सर्वाधिक छळते ती याच काळात, आणि चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात तुमच्या मंडळाच्या तालमी, मखराची कामे आणि दुकानातली गर्दी एकाच वेळी अंगावर येणार. या घाईत केलेली खरेदी म्हणजे विक्रेत्याने निवडलेली खरेदी. माझे म्हणणे असे, की मोठी खरेदी दसरा-दिवाळीनंतर करावी आणि ध्वनिमुद्रण मात्र या आठवड्यापासून सुरू करावे, हातातल्या फोनवर. वडिलांनी सत्तरी ओलांडल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्यांचा डावा हात आज जसा बोलतो तसा तो दोन वर्षांनी बोलेलच, असे गृहीत धरू नका.

फोनवर घेताना तीन पथ्ये पाळा. फोन विमान मोडवर टाका; फोनमधल्या रेकॉर्डरऐवजी 'वेव्ह' (आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात मुद्रण करणारे आणि आवाजाची पातळी हाताने ठरवू देणारे ॲप वापरा; आणि फोन हातात न धरता पाटावर दुमडलेल्या टॉवेलवर ठेवा. पातळी हाताने ठरवण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. फोन स्वतःहून पातळी ठरवत असेल, तर पखवाजाची जोरकस थाप पडताच तो सगळा आवाज दाबतो आणि थाप ओसरली की वर उचलतो; त्यामुळे तुमचा आवाज लाटेवरच्या होडीसारखा खालीवर होत राहतो.

जागेचा अंदाज घेण्यासाठी एक जुनी पद्धत सांगतो. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गायिका गोहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा ध्वनिमुद्रणात माईक हा प्रकारच नव्हता. एक कर्णा होता आणि त्याच्या टोकाला मेणाच्या तबकडीवर आवाज कोरणारी सुई होती. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास रुळले. तोवर कोणाचा आवाज कमी-जास्त करायचा तर त्या माणसालाच कर्ण्यापासून पुढे-मागे सरकवत. तुमचा फोन म्हणजे सध्या तो कर्णा समजा. तुम्ही फोनपासून दोन फुटांवर बसा, वडिलांना सहा फुटांवर बसवा, झांजेवाल्याला दाराशी. एक कडवे गा, ऐका, मग माणसे हलवा. दहा-बारा वेळा हे केले, की तुमच्या माजघरात कोणी कुठे बसायचे हे पक्के होईल, आणि पुढे माईक कितीही चांगला आणलात तरी ही बैठक बदलावी लागणार नाही. जमिनीवर खडूने खुणा करून ठेवा. सारवलेली जमीन असेल तर पाट तिथेच राहू द्या.

आता ३० हजारांकडे वळतो. तुमच्यापुढे मित्राच्या यादीशिवाय दोन वाटा आहेत आणि त्या दोन्ही विचार करण्याजोग्या आहेत. एक, कोल्हापूर किंवा गोव्यात एक दिवस स्टुडिओ भाड्याने घेणे. पाचच रचना हव्या असतील आणि पुढे काही करायचे नसेल, तर हा मार्ग स्वस्त आणि निर्धोक आहे. परंतु घड्याळाकडे पाहत वाजवणे तुमच्या वडिलांना मानवेल का, हे तुम्हीच जाणता. दोन, दोन माईक अंगचेच असलेला हातात मावणारा रेकॉर्डर. मंडळाच्या पूर्ण बारीचे मुद्रण हवे असेल, तर मी बेधडक हेच सुचवले असते, कारण पंधरा माणसांच्या मध्यभागी ठेवलेला असा रेकॉर्डर नवशिक्याच्या चार माईकांपेक्षा बरा निकाल देतो. तुमचा हेतू मात्र स्वतःचा आवाज पुढे आणण्याचा आहे, त्यावर वर्षभर काम करत राहण्याचा आहे, आणि आठ जीबी रॅमचा चालू लॅपटॉप तुमच्याकडे आहेच. म्हणून तुमच्यासाठी तिसरी वाट: दोन माईक जोडता येणारा एक इंटरफेस, एक डायनॅमिक माईक, कान पूर्ण झाकणारे एक हेडफोन, दोन स्टँड आणि दोन केबली.

इंटरफेस म्हणजे माईकचा दुबळा विद्युत संकेत वाढवून त्याचे आकड्यांत रूपांतर करणारा आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडला जाणारा छोटा डबा. एका माईकचा इंटरफेस हजार-दोन हजारांनी स्वस्त पडतो, परंतु तो घेऊ नका. सहा महिन्यांत दुसरी जागा हवीशी वाटेल आणि पहिला इंटरफेस कपाटात जाईल. दोन माईकचा चांगल्या नावाचा इंटरफेस आजच्या भावाने साधारण दहा ते बारा हजारांत मिळतो. त्यावर '४८ व्होल्ट' असे लिहिलेले बटण असावे (कंडेन्सर माईकला लागणारी वीज त्यातून मिळते) आणि स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये ऐकण्याची सोय असावी. ती नसेल, तर आपलाच आवाज आपल्याला क्षणभर उशिरा ऐकू येतो आणि ताल अडखळतो.

माईक डायनॅमिकच का, याचे कारण तुमचा गळा आणि तुमची हवा या दोहोंत आहे. कंडेन्सर माईकमध्ये अतिशय पातळ पडदा विद्युतभारित पत्र्यासमोर केसाच्या अंतरावर ताणलेला असतो. तो बारीक आवाजही टिपतो, पण दमट हवेत तिथे ओल धरली की विद्युतभार गळू लागतो आणि त्याचीच ती तडतड. डायनॅमिक माईकमध्ये चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. तो जाडेभरडा आहे, घुमार आणि लांबचे बेडूक कमी टिपतो आणि आपल्या पावसाला पुरून उरतो. त्याला संकेत जास्त वाढवून द्यावा लागतो, म्हणून हळू गुणगुणणाऱ्या गायकासाठी तो स्वस्त इंटरफेसवर थोडा खरखरतो. तुम्ही काळी चार पट्टीत खड्या आवाजात गजर म्हणणारे. तुम्हाला ही अडचण येणार नाही. १९६६ पासून जगभरच्या रंगमंचांवर असलेला शुअर एसएम ५८ हा माईक दहा हजारांच्या आगेमागे येतो, आणि त्याच्या निम्म्या किमतीतही कामाचे डायनॅमिक माईक आहेत. एसएम ५८ घेणार असाल तर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. त्याच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत.

हेडफोन चार-पाच हजारांचे, तारेचे आणि कान बंद करणारे घ्यावेत. ब्लूटूथचे चालत नाहीत, त्यांत आवाज उशिरा पोचतो. मॉनिटर स्पीकर सध्या यादीतून काढून टाका. तुमचे श्रोते अभंग ऐकणार आहेत तो फोनवर, रिक्षातल्या स्पीकरवर किंवा चतुर्थीला मखराशेजारी ठेवलेल्या ब्लूटूथ डब्यावर. तिथेच ऐकून पाहा. फोनच्या स्पीकरवर पखवाजाची डावी बाजू जवळपास नाहीशी होते, हे ऐकून दचकू नका. छोट्या स्पीकरला तो खर्ज झेपतच नाही. डावी बाजू तेवढ्यासाठी वाढवलीत, तर हेडफोनवर ती अंगावर येईल.

पॉप फिल्टर विकत आणू नका. भरतकामाच्या कडीवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवा आणि ती माईकपुढे चार बोटांवर बांधा. 'पांडुरंग' म्हणताना 'प'चा फटका तिथेच विरेल.

हे सगळे मिळून २४ ते २७ हजारांच्या घरात बसते. उरलेल्या तीन ते सहा हजारांना हात लावू नका. पहिल्या दोन महिन्यांत काहीतरी तुटेल, हरवेल किंवा चुकीचे आलेले असेल. हप्त्याचा विचार तर मनातूनच काढा. गाण्यांच्या कमाईतून हप्ता फेडू म्हणाल, तर यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी नेहमीच्या व्हिडिओंच्या वाटेने १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण लागते. तिथवर पोचण्याआधीच तुमच्या हप्त्याची तारीख दर महिन्याला येत राहील, आणि गाणे आनंदासाठी सुरू केले होते याचा विसर पडेल.

सॉफ्टवेअरसाठी पैसे मोजण्याची आज गरज नाही. ऑडॅसिटी विनामूल्य आहे. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि त्यानंतर व्यक्तिगत वापराचा परवाना ६० डॉलरांना मिळतो. अनेक माईक वेगवेगळे हाताळायला ते सोयीचे आहे, म्हणून माझा कल त्याकडे. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये करा. एका माईकच्या एका मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जागा लागते, म्हणजे दोन माईकचा तासाभराचा सराव एक जीबीच्या आसपास जातो. दर रविवारी त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. आवाजाची पातळी अशी ठेवा, की गजराच्या टिपेलाही काटा उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही. २४ बिटमध्ये कमी पातळीवर घेतलेला आवाज नंतर वाढवता येतो. लाल दिव्याला भिडून फाटलेला आवाज शिवता येत नाही.

पेटी आणि आवाज वेगवेगळे मुद्रित करावेत, असे तुम्हाला मित्राने सांगितले आहे. चित्रपटगीताला ते ठीक असेल. स्वतः पेटी वाजवत गाणाऱ्या बुवाचा श्वास भात्याबरोबर चालतो. अभंगाचे धृपद परत धरताना तुम्ही पेटीवर किंचित थांबता आणि वडील ते थांबणे पाहून तिहाई आवरतात. हे तुकडे करून जुळत नाही. सगळ्यांनी एकत्र वाजवा आणि थोडी सरमिसळ स्वीकारा. फक्त माईकची दिशा सांभाळा. गाण्यासाठीचा हा डायनॅमिक माईक समोरचे जास्त आणि पाठीमागचे कमी ऐकतो. म्हणून तो तोंडासमोर आडवा न धरता हनुवटीच्या खालच्या पातळीवरून वर तोंडाकडे वळवा. मग त्याची पाठ पेटीकडे येते आणि पेटी आपोआप मागे पडते. दुसरा माईक (तो कुठून आणायचा, ते शेवटी सांगतो) पेटी आणि पखवाज या दोघांसाठी मिळून ठेवा. तो पेटीच्या उजव्या टोकाला, दीड फुटावर, भाता हलवणाऱ्या डाव्या हातापासून दूर असावा. त्याहून जवळ नेलात, तर सुरांपेक्षा पट्ट्यांची खटखट जास्त येईल. पखवाज मुळात मोठा, म्हणून वडील त्या माईकपासून चार-पाच फुटांवर. कमी-जास्त वाटले तर कोणाचाही गेन (माईकची पातळी) फिरवण्याआधी पाट सरकवा, कर्ण्याच्या काळात सरकवत तसा.

विजेबद्दल दोन शब्द, कारण इथे पैशांपेक्षा जास्त नुकसान होऊ शकते. मुद्रणात सतत 'हूं' असा आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहा. पुष्कळदा तो तिथेच थांबतो. थांबला तर दोष घराच्या अर्थिंगमध्ये शोधा. आपल्या जांभ्याच्या कातळात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात मीठ-कोळसा भरलेला आहे का आणि पाणी घातले जाते का, हे वायरमनकडून पाहून घ्या. हूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला घरात चहा द्या, पण पक्कड देऊ नका. मेच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरात संध्याकाळी ढग गडगडू लागले, की सगळ्या तारा काढून ठेवा. केवळ बटण बंद करून भागत नाही.

राहिला तुमचा तडतडणारा कंडेन्सर. तो टाकून दिला नसेल अशी आशा आहे. तुमच्या वर्णनावरून तो लॅपटॉपच्या हेडफोन-माईकच्या छोट्या भोकात खुपसायच्या तारेसकट आलेला दिसतो. त्या भोकातून माईकला जेमतेम काही व्होल्ट मिळतात. बहुतेक कंडेन्सर माईकना ४८ व्होल्ट लागतात. खरखर त्यामुळे, आणि तडतड ओलीमुळे असण्याचा संभव मोठा आहे. म्हणजे वस्तू स्वस्त होती हे खरे, पण तिला उपाशी आणि ओल्यात ठेवले होते, हेही खरे. आईने पावसाळ्याच्या बेगमीचे पापड ठेवायला घट्ट झाकणाचे डबे काढले असतीलच. तसाच एक रिकामा डबा मागून घ्या. तळाशी रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांची पुरचुंडी ठेवा, वर कापडात गुंडाळलेला माईक, आणि झाकण लावा. निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले, की ते वेगळ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवा. तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका, कारण निळ्या खड्यांतला रंग विषारी असतो. नवीन डायनॅमिक माईक, इंटरफेस आणि हेडफोन आले, की त्यांचीही वस्ती पावसाळ्यात अशाच डब्यांत असू द्या. आपली खारी हवा सोल्डरला आणि प्लगला हिरवी करते.

दसऱ्याला डबा उघडा. माईकच्या अंगावर किंवा कागदावर ४८ व्होल्ट लिहिले असल्याची खात्री करा आणि इंटरफेस आला की पहिल्यांदा हाच माईक जोडून, बटण दाबून, पाच मिनिटे तसाच ठेवून ऐका. तडतड गेली असेल, तर पेटी-पखवाजासाठी लागणारा दुसरा माईक तुमच्या घरातच आहे. गेली नसेल, तर ते बाजूला ठेवलेले पैसे त्यासाठीच आहेत.